चंडोलाचा राखणदार

"सरळ नका जाऊ साहेब, वळसा घाला," असं म्हणून काका काठी आडवी धरायचे. खराडीतल्या आमच्या साइटवरचे हे दिवसपाळीचे वॉचमन. इंजिनियर मी, आणि चहाच्या टपरीकडे कोणत्या वाटेनं जायचं ते काका ठरवणार! तुमच्याही गेटवर असं कुणीतरी असेलच. पगार कमी, हुकूम जास्त.

कारण होतं चंडोलाचं घरटं. आयटी पार्कांच्या मधे उरलेल्या त्या पडीक शेतात, ढेकळाच्या आडोशाला, बैलाच्या खुराएवढ्या खळग्यात तीन पिल्लं होती. "लई हुशार पाखरू हाय," काका सांगायचे. "गात गात वर जातंय, पर घरट्यावर कधी उतरत न्हाई. लांब उतरतंय आन् चालत घरी येतंय." शेंडीवाला, मातकट, चिमणीपेक्षा जरासा मोठा. जमिनीवर असला की मला दाखवूनही दिसायचा नाही. वर गायला लागला की मात्र काका सिमेंटच्या गाडीवाल्यालाही हॉर्न वाजवू द्यायचे नाहीत.

खोदकाम ठरलं तेव्हा ते केबिनमध्ये आले. "आठ दिस त्यो कोपरा सोडा. पिल्लं उडायच्या आधीच पायानं निघून जात्यात." मी हो म्हणालो, दुसऱ्या कोपऱ्यातून काम काढलं. फुकट पुण्य मिळत असेल तर पुणेकर सोडतो होय?

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. रविवारी काकांची सुट्टी. एखादा डंपर चुकून घरट्यावरून जाईल म्हणून मी स्वतः वाकून त्याच्याभोवती चुन्याचं रिंगण आखलं आणि फोनवर बोलत केबिनमध्ये गेलो. बारा वर्षं मी साइटवर चुना टाकतोय. चुना दिसला की खोदायचं, हे मीच माणसांना शिकवलंय. जेसीबीवाल्यानं नेमकं तिथंच खोदलं.

सोमवारी काका खड्ड्याच्या काठाशी उभे होते. चोचीत अळी धरून मादी ढिगाऱ्यावर इकडून तिकडे चालत होती.

"अहो काका, वाचवायलाच आखलं होतं मी."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्हनून तर म्या कधी खूण केली न्हाई, साहेब."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वर्दीचा शर्ट काढला, घडी घालून केबिनमध्ये माझ्या टेबलावर ठेवला आणि बनियनवरच भर रस्त्यानं निघून गेले.

नवा वॉचमन पाठवा, असा फोन मी त्याच दुपारी वॉचमनच्या एजन्सीला केला. लाज वाटत होती, पण केला.