त्रिवेणीवहिनीचा दावा

आमची वहिनी पडली ती बेगम बाजारात, भर दुपारी, सगळ्या बाजाराच्या देखत. आबासाहेबांच्या किराणा दुकानासमोर तळघराचं लोखंडी झाकण उघडं टाकलेलं, खालून गुळाच्या भेल्या वर काढायच्या म्हणून. दोरी नाही, माणूस उभा नाही, काही नाही! चकलीच्या भाजणीसाठी डाळी आणायला गेलेली बाई थेट खाली. उजवं मनगट असं मोडलं की आत धातूची पट्टी घालावी लागली. आणि तिला वर काढल्यावर आबासाहेब काय म्हणाले? "वहिनी, डोळे कुठं होते तुमचे?"

आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

वहिनीच्या फराळाचं नाव मलकपेठेपासून पार कोंडापूरच्या कंपन्यांतल्या पुण्या-मुंबईच्या पोरींपर्यंत होतं. आता सोऱ्याचा दांडा फिरवायला हातात जोर नाही. पण खरं सांगते, तिला मनगटापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. कारण आमच्या मराठी मंडळींत तेच पसरलं, की त्रिवेणी धांदरट, बघून चालत नाही. जिनं उभ्या जन्मात दूध उतू जाऊ दिलं नाही, ती म्हणे धांदरट!

"चूक कुणाची ते आता न्यायाधीशच सांगू दे," ती म्हणाली. "मी दावा लावणार."

तिचा नवरा मुकुंदराव, म्हणजे माझा दादा, आधीच भित्रा. त्यात आबासाहेब आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. "नक्को गं ते झंझट," दादा म्हणाला. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"मग मला वेडी समजा," वहिनी म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. मीही निघाले. एका हातानं रिक्षात चढायला तिला कुणीतरी हवंच होतं.

नारायणगुड्याला अपर्णा म्हणून आमच्यातलीच एक वकील मुलगी आहे. तिला मराठी वाचायला सांगाल तर बोट ठेवून वाचेल, पण बोलते चुरूचुरू. तिनं समजावलं, "काकू, ही पोलीस केस नाही, दिवाणी आहे. त्यांनी मुद्दाम पाडलं असं दाखवायचं नाहीये. रस्त्यात धोका ठेवला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याची काळजी घेणं त्यांचं काम होतं. ते केलं नाही, आणि त्यामुळेच हात मोडला. बस्, एवढं सिद्ध करायचं."

"मुद्दाम कशाला पाडतील?" वहिनी म्हणाली. "माणूस वाईट नाही. मिजास फार."

दावा दाखल झाला. आणि संक्रांतीला आबासाहेबांची बायको, इंदुताई, हळदीकुंकवाच्या निमित्तानं दारात हजर. नारळ, तांदूळ, वर हिरवी साडी. वहिनीनं डाव्या हातानं पदर पसरला आणि ओटी भरून घेतली. झालं! पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की साडी स्वीकारून बाईंनी प्रकरण मिटवलं आहे.

"काकू, साडी घेतलीत?" अपर्णाचा चेहरा पडला.

"ओटी भरायला आलेल्या सुवासिनीला दारातून परत पाठवू?"

"ज्यांच्यावर दावा लावला त्यांची ओटी कसली घेतेस!" मी ओरडले. मला रडूच यायला लागलं. इतक्या तारखांना खेटे घातले ते एका साडीपायी पाण्यात जाणार होते.

साक्षीच्या दिवशी न्यायाधीश होत्या एक तेलुगू बाई. ओटी म्हणजे काय, त्यांनी विचारलं. दोन्ही वकील इंग्रजीत गुरफटले. तेव्हा वहिनी आपल्या मोडक्या तेलुगूत स्वतःच बोलली, "अम्मा, तुमच्यात ओडिबिय्यम करतात ना? माहेरी लेकीच्या ओटीत तांदूळ घालतात. तो मान असतो. तांदूळ घेतले म्हणून लेकीनं आपला हक्क सोडला, असं कुणी म्हणतं का?"

न्यायाधीश बाई गालात हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

समोरचा वकील चिडला. "पडलात तेव्हा लक्ष कुठं होतं?"

"पिशवीत," वहिनी म्हणाली. "चष्मा शोधत होते."

अपर्णानं डोळेच मिटले. अगं बाई, जरा सांभाळून बोलायचं! पण खोटं बोलून जिंकायचं नव्हतं तिला.

निकाल लागला. साडीनं काही मिटलं नव्हतं. हलगर्जीपणा दुकानदाराचा, पिशवीत बघत चालली म्हणून चुकीचा पाचवा हिस्सा वहिनीचा, भरपाई तेवढी कमी. "अपील करू," अपर्णा म्हणाली, "तो हिस्साही काढून टाकू."

"नको. तेवढी चूक माझी आहेच."

बाहेर व्हरांड्यात आबासाहेब उभे होते, बरोबर मंडळाची चार माणसं, आणि दादाही. "वहिनी, चेक पाठवतो," ते खाली बघून म्हणाले आणि निघाले.

वहिनी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. "चेकचं वकील बघतील. माझी चूक मी आत सगळ्यांसमोर कबूल केली. आता तुमची तुम्ही या चौघांसमोर सांगा."

आबासाहेबांनी दादाकडे पाहिलं. दादा, आमचा भित्रा दादा, जागचा हलला नाही. "सांगा ना, आबासाहेब," तो म्हणाला.

"झाकण... आम्ही उघडं ठेवायला नको होतं."

"ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाली.

त्यांनी मान वर केली आणि तेच वाक्य पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. हात मोडला तेव्हाही न रडलेली माझी वहिनी तिथं भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.