खाऱ्या वाऱ्याचा दोष

थळच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक वायर आधी हुंगतो, मगच पकड हातात घेतो. जोड दिला की त्यावर ग्रीस चोपडतो आणि वायरांची जुडी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने, कोळी मारतात तशी गाठ मारून बांधतो. गाडीत काहीही बिघडो, दोष वाऱ्याचाच. "खारा वारा हाय सर, तांबं खातो." गिऱ्हाइकाचं चुकलं, असं तो कधी म्हणत नाही.

माझ्या मोटरसायकलच्या हेडलाइटला बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढून रिले बसवू या, असं त्याने दोनदा सुचवलं होतं. "आता सगळा करंट हँडलवरच्या बटणातून जातो, रिले लावला की बटणावर भार नाय. जळंल एक दिवस." मी ऐकलं नाही. उलट ऑनलाइन मागवलेला दुप्पट वॅटचा बल्ब घरीच बसवला. आठ दिवसांत बटण वितळलं.

महिन्यापूर्वी त्यानेच वायरिंग साफ केलं होतं, म्हणून मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर खेकसलो, "हे काय काम केलंस तू?"

त्याने फडक्याला हात पुसले. हेडलाइट उघडला, वायर हुंगली, बल्बवरचा आकडा वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बल्ब फडक्यात गुंडाळून कुणाला दिसणार नाही असा माझ्या हातात दिला.

"वाऱ्याचंच काम हाय," तो बाकीच्यांना म्हणाला आणि रिले शोधायला वळला.

त्यांनी माना डोलावल्या. फडकं मुठीत दाबून मीही डोलावली.