नळवाला घरमालक

आमच्या यांचा जन्म गेला नळ दुरुस्त करण्यात, आणि उतारवयात यांना घरमालक व्हायची हौस आली. हौस कसली, माझ्यासाठीच केलं म्हणा. मी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते, गुडघ्यांचा पार भुगा झालाय. हे म्हणाले, "एक छोटी जागा घेऊ, भाड्याने देऊ. हप्ता भागेल, वर चार पैसे उरतील. मग तू घरी बस." मला पटलं. गळ्यातलं मोडलं, यांनी साठवलेलं त्यात घातलं, आणि बाजारामागच्या इमारतीत जागा घेतली. कधी एकदा दुकानाला रामराम ठोकते असं झालं होतं मला.

पण घर भाड्याने द्यायचं म्हणजे ते दुसऱ्याच्या हातात सोडावं लागतं. ते या गृहस्थांना कुठलं जमायला! एजंट माणसं घेऊन जागा दाखवायला यायचा, तर हे मोरीत पालथे पडून पाइप बदलतायत.

पहिलं बिऱ्हाड आलं ते नवं जोडपं. यांनी एक किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली, म्हणे अडीअडचणीला लागते. अहो, अडचण कोणाची? पोरं बिचारी सुट्टीच्या दिवशी जेवायला बसलेली, आणि हे दार उघडून थेट आत! "चालू द्या तुमचं, मी फक्त फ्लशची टाकी बघून जातो." टाकीला काहीही झालेलं नव्हतं. खालून जाताना यांना आवाज वेगळा वाटला, एवढंच. असं तीन-चारदा झाल्यावर जोडप्याने गाशा गुंडाळला. जागा रिकामी, आणि हप्ता माझ्या पगारातून. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग नर्स आली. एकटी, शांत, रात्रपाळीवाली, भाडं वेळच्या वेळी. मी यांना बजावलं, "तिकडे फिरकायचं नाही." "छे छे, मी कशाला जातोय!" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मी दुकानाच्या शेठना सांगून टाकलं, या महिन्यानंतर मी येणार नाही.

आणि एका भरदुपारी दुकानात तिचा फोन. "काकू, मी झोपले होते. जाग आली तर मोरीत माणूस!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच धावले. हे इमारतीच्या पायरीवर बसलेले, चेहरा एवढासा करून.

"अगं, नळ थेंब थेंब गळत होता. बेल वाजवली असती तर तिची झोप मोडली असती बिचारीची."

ऐका! झोप मोडू नये म्हणून हा माणूस किल्लीने दार उघडून एकट्या बाईच्या घरात शिरला.

"जनाची नाही तर मनाची तरी?" मी ओरडले.

"आपलंच घर आहे की. तिथला एकेक नळ मी बसवलाय."

"मग बसा त्या नळाखाली! ती जाईल सोडून. मी जाते शेठच्या पाया पडायला, नोकरी राहू द्या म्हणून. माझे गुडघे जाऊ देत, तुमचे नळ गळायला नकोत!"

येणारेजाणारे थांबून बघत होते. बघू देत. हे उठून वर गेले, या खेपेला बेल वाजवली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "चुकलं माझं. तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही."

"बोलावणार नाही मी," ती म्हणाली. "राहायचं की नाही तेही अजून ठरवलेलं नाही."

मी शेठना भेटले. नोकरी राहिली. राहिली म्हणजे मी पुन्हा उभी. यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. हे रोज विचारायचे, "तिचा काही निरोप?" मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही.

एके दिवशी मी दुकानातून घरी आले, तर कोपऱ्यावरचा तो दुसरा नळवाला दारात. यांना त्याचं नाव काढलेलं खपत नाही, नळाच्या आट्यांवर टेप उलटी गुंडाळतो म्हणतात. त्याने पावती पुढे केली. "नर्सबाईंनी स्वयंपाकघरातला नळ नवा बसवून घेतला. मालकाकडून पैसे घ्या म्हणाल्या."

आता होणार भडका, मी म्हटलं. यांच्या घरात, यांनी बसवलेला नळ काढून, त्याने बसवला! हे लाल झाले. पावती खालीवर केली. मग खिशात हात घातला आणि मुकाट्याने पैसे दिले.

तो गेल्यावर दार लावून घेतलं.

"जाणारं माणूस नवा नळ कशाला बसवून घेईल?" म्हणाले. "राहतेय ती. उद्या शेठला सांगून टाक."