शनिवारचा मदरबोर्ड

शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

आमच्या कडेगावच्या घरातला हा नियम. खरं तर हे दोन नियम आहेत, पण तात्या ते एका दमात म्हणत, त्यामुळे एकच वाटायचा. मला पहिल्या भागाचं काही नव्हतं. माझं डोकं फिरायचं ते दुसऱ्या भागाने.

तर या नियमाशी मी एकदा शिंगं भिडवली आणि माझी जी काही शोभा झाली, ती आज सांगून टाकते. चहा निवायच्या आत संपेल. मध्ये हसू नका, शेवटी एकदम हसा.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मिलिटरीतून हवालदार होऊन रिटायर झालेले. वडील तेव्हा अजून फौजेतच, लांब पठाणकोटला. त्यामुळे घरात तात्यांचा हुकूम. काकू त्या हुकमाला 'व्हय' म्हणणार आणि आई काहीच नाही म्हणणार.

एकदा तात्यांनीच चुकून शनिवारी बाजारातून पत्र्याची बादली आणली. दारात आल्यावर आठवलं. मग काय? बादली रात्रभर शेजाऱ्यांच्या ओसरीवर! मी म्हटलं, "तात्या, म्हणजे शनी त्यांच्याकडे गेलेला चालतो का?"

"वैशे, इचारायचं न्हाई म्हनून सांगितलंय न्हवं?"

बघा. हे असं.

मी साताऱ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. विषय फिजिक्स. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगावर येणार आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये सर जेवायला गेले की आम्ही मैत्रिणी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. त्या गेमने मला असं झपाटलं की गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागल्याबरोबर मी घरात जाहीर केलं, "मी कॉम्प्युटर जोडणार आहे. स्वतः. भाग आणून."

"कशापायी?" तात्या.

त्या काळी सगळे सांगायचे, अभ्यासासाठी. मी सांगितलं, "गेम खेळायला."

"बावीस वर्साची घोडी! लग्नाचं बघायचं सोडून खेळ कसला?"

आठवडाभर वादावादी झाली. शेवटी तात्यांनी फौजी तह केला. बाहेरच्या खोलीतला, टीव्हीशेजारचा कोपरा मला. पण मी जोडलेलं यंत्र पहिल्या दिवशी चालू झालं तरच! नाही झालं, तर तात्यांच्या ओळखीच्या टायपिंग क्लासवाल्याकडचा जुना, हिरव्या अक्षरांचा कॉम्प्युटर घ्यायचा आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. त्या हिरव्या डब्यावर गाडी सोडा, गाडीचं चाकही दिसलं नसतं. म्हणजे माझी सगळी शर्यत त्या एका दिवसावर.

बाकीचे भाग एकेक करून घरी आले. कॅबिनेट, म्हणजे ज्यात सगळं बसवतात ते लोखंडी खोकं, गुरुवारी आणलं. तात्यांनी वार बघून आत घेतलं. राहिला मदरबोर्ड. तो सांगलीलाच मिळणार होता. सोमवार ते शुक्रवार माझी शाळा संध्याकाळपर्यंत, रविवारी दुकान बंद. उरला कोण?

बरोबर. शनिवार. सकाळची शाळा!

"तात्या, मदरबोर्ड लोखंडाचा नसतो," मी आधीच सांगून टाकलं.

"मग कशाचा असतोय?"

"फायबरचा. वर तांब्याच्या रेघा."

काकू चुलीपासून ओरडल्या, "मदर म्हंजी आईच न्हवं? मग आईला तर शनवारी मुळीच आणू नगं बाई!"

मी एसटी पकडली.

सांगलीतलं ते दुकान तुम्ही बघायला हवं होतं. दाराला ताजी लिंबू-मिरची. गल्ल्यावर मारुतीचा फोटो, त्याला रुईची माळ. मालकांच्या कपाळावर रुपयाएवढा शेंदूर. उदबत्तीचा धूर असा, की मॉनिटर कुठला आणि मालक कुठला ते कळेना. मी मनात म्हटलं, चला, इथेही एक तात्या बसलेत.

मालक बोलायला मात्र चटपटीत. त्यांनी एक बोर्ड पुढे सरकवला. "ह्यो घ्या ताई. डिस्प्ले आतच, साउंड आतच. वरनं काय घ्यायलाच नगं."

मी बोर्ड फिरवून बघितला. "डिस्प्ले कार्ड बसवायची खाच कुठाय?"

"आतच आलंय म्हटल्यावर खाच कशाला?"

"मला गेम खेळायचेत. आतल्या डिस्प्लेवर माझी गाडी बैलगाडीसारखी चालेल. मला एजीपीची चॉकलेटी खाच असलेला बोर्ड दाखवा."

काय होतं, हा 'सगळं आतच' वाला बोर्ड आमच्या घरासारखा असतो. सगळं आत कोंबलेलं, गुण्यागोविंदाने चाललेलं, पण बाहेरून नवीन काही आणायचं म्हटलं की जागाच नाही! मला दुसरा हवा होता. मोकळ्या खाचांचा, पुढे काही वाढवता येईल असा.

"ताई, इंजिनीअर हाय काय तुमी?" मालकांनी शेवटी आतून तसा बोर्ड आणला. इथपर्यंत मी जिंकले होते, हे नोंदवून ठेवा. पुढे मला सांगण्यासारखं फार थोडं आहे.

बोर्ड खोक्यात घालताना मालक एकदम गंभीर झाले. आवाज उतरवून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. बोर्ड लोखंडाला कुटंबी टेकता कामा न्हाई."

माझ्या मस्तकात आगच पेटली! तो वार, ती लिंबू-मिरची, तो शेंदूर आणि आता हे!

"तुम्ही पण?" मी म्हटलं.

"मी पण म्हंजी?"

"म्हणजे आज शनिवार आहे म्हणूनच ना?"

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "शनवारच हाय. पण त्येचं काय?"

"तेच मी विचारतेय, त्याचं काय! शनिवारी लोखंडाला हात लावला तर आकाश कोसळतं का? विज्ञान विकता तुम्ही! कॉम्प्युटर विकता! आणि गिऱ्हाइकाला लोखंडाची भीती घालता?"

"आवं ताई, तसं न्हवं..."

"कसं ते मला माहीत आहे. हेच ऐकत मोठी झालेय."

मालकांनी खालच्या खणातून एक लहानशी पुडी काढली. आत पितळेचं काहीतरी चमकत होतं. "बरं, ऱ्हाऊ द्या. पर ही पितळंची तेवढी घिऊन जावा. फुकट हायती. ही मधी असली की लोखंडाचं काय भ्या न्हाई."

आता तुम्हीच सांगा. शनिवार, लोखंड, आणि मध्ये ठेवायला फुकटचं पितळ! मी काय समजायचं?

"ही तुमच्या मारुतीपुढे ठेवा," मी म्हटलं, आणि पुडी गल्ल्यावर आपटली. मग अंधश्रद्धेवर जे बोलले ते काय सांगू! दुकानातली दोन गिऱ्हाइकं हातातला माउस खाली ठेवून ऐकत होती. शेवटी मी बोर्ड काखेत मारला आणि स्टँडवर आले. एसटीच्या खिडकीतून ऊस मागे पळत होता आणि मला वाटत होतं, आज सांगली जिल्ह्यात मी एक दिवा लावला.

घरी आले तर दारात तात्या उभे. हातात जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक!

"तात्या, हे काय?"

"तपासणी."

त्यांनी उंबऱ्यावरच खोकं उघडायला लावलं आणि बोर्डावरून चुंबक फिरवलं. हिरव्या भागाला काही झालं नाही. मग कडेला, जिथे वायरी खोचायची तोंडं असतात, तिथे गेलं आणि टक्कन चिकटलं.

"चिकाटलं!" तात्यांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

"तात्या, तेवढं लोखंड तुमच्या चष्म्याच्या दांडीतही असेल. काढून ठेवा शेजारी."

तात्यांनी चष्मा नीट केला आणि वाट दिली. पण हुकमी पान त्यांनी मागे ठेवलं होतं. मी आत शिरल्यावर म्हणाले, "सांगलीच्या दुकानदाराचा फोन आलता. तुज्या बिलावर आपला नंबर लिवून घेतलाय म्हनं."

"काय म्हणाले?"

"म्हनला, पोरीला सांगा, बोर्ड लोखंडाला टेकवू नगा. पितळंचं इसारली म्हनला."

तात्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या पदकाच्या फोटोतही बघितलं नव्हतं. "बघ! येवढा शिकल्याला मानूस, कॉम्प्युटरवाला, त्यो बी तेच सांगतोय! म्या त्येला म्हनलं, लय बराबर बोलताय साहेब, आमच्यात बी पाळत्यात!"

झालं! माझी खात्रीच पटली, की तात्यांनीच आधी फोन करून त्यांना पढवलं असणार.

"आई, काकू, बाहेर या," मी म्हटलं. "तात्या, मॅचचा आवाज कमी करा. आज सगळ्यांसमोर बोर्ड लोखंडावर ठेवून दाखवते."

टीव्हीवर मॅच होती, शेवटची षटकं, सामना अगदी अटीतटीला आलेला. तरीही तिघं जमली. मी कॅबिनेट आडवं पाडलं आणि बोर्ड थेट त्या पत्र्यावर ठेवला. "टेकवला. काय झालं?"

काही झालं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला.

बोर्डाची तोंडं आणि कॅबिनेटच्या मागच्या खाचा जरा खालीवर होत होत्या. बोर्ड थोडा उंच हवा होता. एखाद्या शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी दाबून बसवला आणि स्क्रू करकचून आवळले.

बाकीचं जोडलं. वायर भिंतीत खोचली. तात्यांकडे बघत, अगदी हसत, बटण दाबलं.

कॅबिनेटचा पंखा अर्धी गिरकी फिरला. मग 'टप्प' झालं. मग वास आला. मग घराचा फ्यूज उडाला आणि शेवटच्या षटकासकट टीव्ही गेला.

अंधार नव्हता, संध्याकाळचं ऊन होतं. अंधार असता तर बरं झालं असतं. माझं तोंड सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

"शनी," काकू म्हणाल्या.

"मॅच," तात्या म्हणाले.

फोनला वीज लागत नाही. मी सांगलीला फोन लावला आणि तावातावाने म्हटलं, "तुमचा बोर्ड खराब निघाला!"

"पितळंचे नट लावले हुते का?" पलीकडून मालक.

"कसले नट?"

"आवं, बोर्डाच्या पाठीला सगळ्या भागांच्या टोकांना डाख दिल्याले असत्यात, उघडे. कॅबिनेट लोखंडाचं. मधी पितळंचे नट लावून बोर्ड उचलून धरायचा. थेट पत्र्याला टेकवला तर शॉर्ट न्हाई का हुणार? लोखंडातनं करंट जातोय, ताई!"

लोखंडातनं करंट जातो. हे मला कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं? त्याच आठवड्यात मी आठवीला सुवाहक आणि दुर्वाहक शिकवलं होतं. सुवाहकाचं उदाहरण म्हणून फळ्यावर पहिलं काय लिहिलं होतं, ते विचारू नका.

"मग तुम्ही नीट का नाही सांगितलं?" मी शेवटचा बार काढला.

"कवा सांगू? तुमचं भाषण चाललं हुतं की! झ्याक बोलता पण. आमची दोन गिऱ्हाइकं इचारत हुती, ह्या बाई कुटल्या पक्षाच्या?"

पण माणूस दिलदार. म्हणाले, "आणा तो बोर्ड परत. कारखान्याकडनं बदलून मिळतोय का बघू. तसलाच दुसरा शुक्रवारी रात्री मुंबईहून येतोय. शनवारी दुपारी येऊन घिऊन जावा. आन येताना भाषण घरी ठिवा."

फोन ठेवला. मी सगळं विज्ञान घरच्यांना समजावलं. शनिवारचा काही संबंध नाही, बुधवारी टेकवला असता तरी हेच झालं असतं, लोखंड वीजवाहक असतं, वगैरे.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी दोष लोखंडाचाच न्हवं?"

"हो, पण..."

"मग आमी येगळं काय म्हनत हुतो? तुजं सायन्स आन आमचं, एकच निघालं की!"

यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही. मी शोधलंय.

टायपिंग क्लासवाल्याचा हिरवा डबा मला डोळ्यांपुढे दिसायला लागला. पण दोन दिवसांनी जेवताना तात्यांनीच विषय काढला. माझं तोंड उतरलंय, हे आईने हळूच त्यांच्या कानावर घातलं असावं.

"वैशे, पैल्या दिवशी चालू झालं न्हाई, शर्त तू हारलीस. पर फौजेत एक गोळी वाया गेली म्हनून कुनी बंदूक काढून घेत न्हाई. कोपरा तुजाच. जा, या शनवारी बोर्ड घिऊन ये."

मी वर बघितलं. "शनिवारी?"

"शनवारी! आमाला आता सायन्स कळलंय."

काकूंनी भाकरी थापता थापता दुजोरा दिला, "व्हय की. पितळंचं लावलं की शनी बी काय करत न्हाई म्हनं. तुजी शाळा कशाला बुडवतीस?"

आईही पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली, "जा गं. आम्ही कुणी काही म्हणणार नाही."

ज्या दिवसासाठी मी जन्मभर भांडले, तो दिवस ताटात वाढून समोर आला होता. नियम मोडला होता. तोही तात्यांच्या तोंडून!

आणि माझ्या नाकात तो वास आला. 'टप्प' झाल्यानंतरचा.

"नाही!" मी ताटावरून उठले. "शनिवारी मी बोर्ड घरात आणणार नाही. सोमवारी रजा टाकीन, पण शनिवारी नाही म्हणजे नाही!"

तात्यांचा घास हातातच राहिला. काकूंची भाकरी परातीत तशीच. आईने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

का, ते कुणीच विचारलं नाही.