बोगद्यातला दिवा

आसराजींनी कुणालाही काही सांगितलं, की शेवटी "पोचलं का?" हे असायचंच. समोरच्यानं नुसती मान हलवली तर ते जागचे हलत नसत. सांगितलेलं त्यानं पुन्हा म्हणून दाखवावं लागे. घरीसुद्धा तेच. एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो, तर बायकोला म्हणाले, "कालवणात मीठ कमी हाय. पोचलं का?" कौसाबाई चुलीपुढूनच म्हणाल्या, "मीठ कमी हाय, पोचलं. आता गप जेवा." मला हसू आवरेना. आसराजी मात्र अगदी गंभीर होते. उत्तर मिळालं, म्हणून समाधानानं जेवू लागले.

मिरजगावच्या बाजूला एका तलावावरच्या कचेरीत मी तेव्हा कारकून होतो. तलावाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, तलावाची नव्हती. एकोणीसशे सत्तर नुकतंच उलटलेलं, दुष्काळाची सालं. मी नगरचा, मास्तरांचा मुलगा. आमचं सगळं घराणंच काळजीखोर, आणि त्यात मी पहिला नंबर. कडी लावली का हे तीनदा उठून बघणारा. आसराजी पाथर्डीकडचे. पलटणीत तारा ओढायचं काम शिकून आलेले, आमच्याकडे वायरमन. वयानं माझ्या दुप्पट, तरी मला भाऊसाहेब म्हणायचे.

तलावापासून दोन मैलांवर आमचा कालवा एका ओढ्याखालून दगडी बोगद्यातून जात असे. बोगदा लांब आणि बुटका, आत वाकूनच शिरायचं. तो गाळानं अर्धा भरला होता. दुष्काळी कामावरच्या बाया आत बसून गाळ खरवडायच्या आणि पाट्या हातोहात बाहेर द्यायच्या. कौसाबाईही त्यांच्यातच होत्या. आत गेलेल्या बाईला बाहेरची हाक ऐकू येत नसे. आणि खालच्या गावांना प्यायचं पाणी मधूनमधून याच कालव्यानं सोडावं लागे. पाणी सुटायच्या आधी बाया बाहेर निघाल्याच पाहिजेत, नाहीतर पुढचं बोलायलाच नको.

यावर आसराजींनी तोड काढली. माझ्या टेबलावर त्यांनी एक खोकं आणून ठेवलं. आत एक लाकडी रूळ, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या चावीवर हळूहळू फिरणारा, आणि त्या रुळावर खिळे ठोकलेले. खिळा पितळी पट्टीला टेकला की तार जोडली जाई, पुढे सरकला की तुटे. इथला इशारा तारेवरून दोन मैल जाऊन बोगद्यातल्या एका चुंबकाला जागं करी, आणि तिथल्या बॅटरीवर छताला टांगलेला लाल दिवा लागे. एकेक उघडझाप म्हणजे जेवणाची सुट्टी. तीन उघडझापा, जरा थांबून पुन्हा तीन, म्हणजे पाणी येतंय, बाहेर पळा. दोन्हींचे रूळ वेगळे.

"दिव्याला काय अक्कल असती व्हय?" आसराजी म्हणायचे. "खिळं सांगत्याल तसं त्यो बोलनार. खिळं उपटून दुसरीकडं ठोका, दिवा दुसरंच बोलतो."

मला दिसावं म्हणून त्याच खिळ्यांवर त्यांनी खोक्यावरही एक इवलासा दिवा बसवला होता. तो जोडताना मला मुद्दाम जवळ बोलावून सांगितलं, "भाऊसाहेब, तुमी बोललात येवढंच ह्यो दिवा सांगतो. तिकडं कुनी ऐकलं का न्हाई, ते ह्याला ठावं न्हाई. पोचलं का?"

"पोचलं," मी म्हणालो, आणि शहाण्यासारखं सगळं परत म्हणूनही दाखवलं. पोपट बरा.

तिकडून उलट इशारा यावा म्हणून आसराजींना आणखी तार हवी होती. साहेब म्हणाले, "टेबलावर दिसतंय ना? मग झालं की." तेव्हा आसराजींनी आपलाच नियम केला. दिवा चालू केला की सायकल मारत बोगद्यावर जायचे, सगळ्या बाया बाहेर आल्याची मुकादमाची चिठ्ठी आणायचे, आणि ती हातात पडल्यावरच तलावाच्या दाराचं चाक फिरू द्यायचे. साहेबांना हा चेंगटपणा वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटे.

पुतणीच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी आसराजी दोन दिवस पाथर्डीला गेले होते, त्यातल्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाणी उद्या सुटायचं होतं. पण सकाळीच वरून फोन आला, की आजच सोडा. साहेब म्हणाले, "इशारा द्या." मी तिनाचा रूळ चढवला आणि चावी दिली. खोक्यावरचा दिवा झकास उघडझाप करू लागला. पंधरा मिनिटं मी तो बघत होतो. मग नोंदवहीत लिहिलं, 'इशारा दिला', वेळ घातली, खाली सही ठोकली. साहेबांनी विचारलं, मी म्हणालो, "गेला, साहेब." आम्हा कारकुनांची ही जातकुळीच अशी. जावक वहीत नोंद झाली की कागद आमच्यापुरता पोचला! चाक फिरलं. कालव्यात पाणी पडल्याचा आवाज टेबलापर्यंत आला, आणि मी दुसरं काम ओढलं.

अर्ध्या तासानं आसराजी दारात उभे. हातात पिशवी, धोतर धुळीनं भरलेलं. एसटीतून उतरून फाट्यावरून चालत आले होते, आणि वाटेत त्यांनी वाहता कालवा पाहिला होता.

"पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"गेला की इशारा. हा बघा, नोंदसुद्धा..."

"गेला का ते न्हाई इचारलं, भाऊसाहेब. चिठ्ठी आली का?"

मी नोंदवही मिटली. आसराजींनी पिशवी तिथंच टाकली, भिंतीला टेकलेली माझी सायकल घेतली आणि निघाले. पाणी बंद करायला मी धावत तलावाच्या दाराकडे गेलो. साहेब आणि चौकीदार चाकाला लोंबकळले, पण ते गंजकं चाक तसूतसूनं फिरत होतं. आणि फिरून तरी काय उपयोग? सुटलेलं पाणी केव्हाच पुढे गेलं होतं.

मी परत टेबलाशी आलो. दुसरं काय करणार? पुन्हा चावी दिली. तीन उघडझापा, पुन्हा तीन. तो दिवा इतका व्यवस्थित, इतका आनंदानं लागत होता, की खोक्यासकट उचलून आपटावा असं वाटलं. पण हात लावायचीही भीती! न जाणो, तिकडे आत्ताच दिसू लागला असेल तर? चावी संपली की पुन्हा देत होतो. हजेरीपट समोरच होता, त्यावर एकोणीस बाया. मी ती नावं एकेक करून वाचू लागलो. कौसाबाई आसराजी हे नाव सातवं होतं. तिथं बोट अडलं ते पुढे सरकेना. देवा, काहीही कर, नोकरी घे, पण ही नावं खोडायची वेळ माझ्यावर आणू नकोस, असं मी मोठ्यानं म्हणालो. साहेब दारात होते, त्यांनी ऐकलं असणार.

किती वेळ गेला ठाऊक नाही. बांधावर माणसं दिसली. मी बाहेर जाऊन मोजू लागलो. अठरा बाया. पुन्हा मोजलं, अठराच. तिसऱ्यांदा बोटांवर मोजू लागलो. मग मागे बाभळीआडून आसराजी निघाले, सायकल हातात धरून, आणि त्यांच्या बाजूनं कौसाबाई. दोघंही छातीपर्यंत चिखलात माखलेले. आसराजींनी तोंडाशी सांगितलेलं पाट्यांसारखंच बाईकडून बाईकडे आत गेलं आणि बाकीच्या बाहेर पडल्या होत्या, पण कौसाबाई सगळ्यात आत होत्या आणि तेवढ्यात पाण्याचा पहिला लोंढा शिरला होता. आसराजींनी आत जाऊन त्यांना ओढून काढलं होतं. तारेच्या वाटेत कुणीतरी बाभळीची फांदी तोडली होती, ती तारेवर पडून तार तुटलेली. बोगद्यातला दिवा सकाळपासून एकदाही लागला नव्हता.

कौसाबाई सरळ कचेरीत आल्या. ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. टेबलावर दिवा अजून उघडझाप करत होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भाऊसाहेब, ह्यो असाच लागत हुता का सकाळधरनं?"

"हो," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

त्या तशाच निघून गेल्या. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत कौसाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आसराजींनी मात्र मला रागाचं एक अक्षर ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी मंजुरीची वाट न बघता कुठून कुठून जुनी तार गोळा करून आणली, तुकड्याला तुकडा जोडत दोन मैल ओढली आणि बोगद्याच्या तोंडाशी एक बटण बसवलं. मग माझ्या खोक्यावरचा दिवा खिळ्यांपासून तोडून त्या नव्या तारेला जोडला.

"आता ह्यो दिवा तुमच्या हातात न्हाई," ते म्हणाले. "समद्या भाईर आल्या, की शेवटची बाई बटन दाबील. तवाच लागंल."

पहिल्याच वेळी मी तिनाचा रूळ लावून बसलो. दिवा लागेना. बऱ्याच वेळानं तो एकदा लागला, विझला, आणि पुन्हा लागून तसाच राहिला. बटणावर कोण होतं ते आसराजींनी नंतर सांगितलं. कौसाबाई.

पुढे मी राहुरीला गेलो, संसारात पडलो. बदलीच्या दिवशी आसराजी फाट्यापर्यंत माझी ट्रंक घेऊन आले होते. "उतारल्यावर कार्ड टाका," म्हणाले. मी टाकलं. मग वर्षातून एखादं कार्ड यायचं, तेही दुसऱ्याच्या अक्षरात.

शेवटचं कार्ड आलं ते कौसाबाईंचं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. दोनच ओळी होत्या. आसराजी गेले. तुमाला पोचलं का, कळवा.

उत्तर लिहायला मी कार्ड घेतलं, पत्ताही घातला. मग ते तसंच ठेवलं आणि पाथर्डीची एसटी धरली. पुढचे तीन मैल चालत गेलो. कौसाबाई दारातच बसल्या होत्या, फार थकलेल्या दिसल्या. उन्हात हात आडवा धरून त्यांनी मला ओळखलं.

मी पायरीशी उभा राहिलो. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरलो होतो.

"पोचलं, कौसाबाई," एवढंच म्हणालो.

त्यांनी बाजूचं घोंगडं झटकून अंथरलं.

"बसा, भाऊसाहेब. पानी आनते."