बोलून दाखवायचं नाही

अंबडच्या कंपनीत मी दिवसभर इंग्रजी मेल लिहिते. प्रत्येक मेलला शेवटी तेच शेपूट: लुकिंग फॉरवर्ड टू अमुकतमुक. त्यात खरी उत्सुकता कणभरही नसते. शेजारच्या काकूंना मात्र हे वाक्य मनापासून शिकायचं होतं. परदेशातल्या लेकीला सातवा लागला होता, जावई तिकडचाच, आणि त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"म्हणजे वाट बघणंच ना?" काकूंनी विचारलं.

"नुसती वाट नाही. जे येणार आहे त्याचा आनंद आत्तापासून होतोय, तो सांगायचा."

काकूंचा चेहरा उतरला. "नको गं पोरी. पाचवी पुजेपर्यंत असं नाय बोलून दाखवायचं." निफाडकडच्या त्यांच्या माहेरी बाळाचं टोपडंसुद्धा आधी शिवत नाहीत म्हणे.

असल्या गोष्टींचा मला भयंकर राग. मी त्यांची यथेच्छ टिंगल केली, आठवडाभर वाक्य घोकून घेतलं आणि व्हिडिओ कॉलवर मागे उभी राहून म्हणायला लावलं. जावई खूश झाला. लेक पोटावर हात ठेवून हसली. फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ देव्हाऱ्याकडे बघत बसल्या.

बारा दिवसांनी बाळ पोटातच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते मला पटलंही. काकूंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास भिंतीपलीकडून तेच वाक्य ऐकू यायचं. घरात काकूंशिवाय कोणी नाही, फोन चालू नाही. हळू आवाजात, पुन्हा पुन्हा.

यंदा मला सातवा लागला. आज दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काकूंनी पलीकडून हात लांबवून माझ्या पोटावर ठेवला आणि त्या वाकून म्हणाल्या, "आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू." उच्चार मी बसवले होते तसेच, एकही चूक नाही. चेहऱ्यावर निखळ माया.

'नका ना बोलू' हे अगदी ओठांवर आलं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? पोटात बाळ एकदा जोरात हललं. मी काकूंकडे बघून हसले आणि घरात आले.

मला खूप भीती वाटते आहे. मघापासून पोटावर हात ठेवून बसले आहे, ते पुन्हा हलेल याची नुसती वाट बघत.