दगडामागचा कॅन

सबनीस साहेब गुरुवारी गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती म्हणाली, "काका, बाबा गेले." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. माणूस गेल्याच्या बातमीला कोणी बरं म्हणतं का? पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

नंतर तिने त्यांच्याबद्दल चार ओळी मागितल्या. लिहायला बसलो की प्रत्येक वेळी एकाच सकाळी अडकतो. म्हणून आता तीच सकाळ लिहितो. तशा हादऱ्याने माझी वाचा बसण्याची ती पहिली वेळ होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात चिखला गावाच्या पुढे आमचा कॅम्प होता. चार तंबू, एक जीप, आणि मैलभरावर ड्रिलिंगची रिग. काम मँगनीज शोधायचं. सबनीस कॅम्पचे प्रमुख. मूळचे नागपूरचे, दणकट, बोलायला मोकळे. रिग सांभाळायला लांजेवार, तोही आमच्यासारखाच भूवैज्ञानिक. स्वयंपाकाला जवळच्या गावचा सुकदेव. आणि नवीन लागलेला मी. मी वेळ मिळेल तेव्हा पुस्तक घेऊन बसायचो, म्हणून सबनीस मला मास्तर म्हणत.

पहिल्याच शनिवारी मला धक्का बसला होता. कॉलेजात ज्यांचे रिपोर्ट आदराने वाचले ते सबनीस मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून मोहाचीच दारू पीत होते, तीही चहाच्या कपातून. आमच्या घरी दारूचं नावसुद्धा हळू आवाजात घ्यायचे. मी तंबूत निघालो तर त्यांनी हाक मारली.

"मास्तर, कुठं पळून राहिला? तू पीत नाहीस ना? मंग तूच पाहिजे."

कॅम्पची एक रीत होती. ती सांगण्याआधी दोन शब्द समजावून देतो. खडकाचे थर बहुधा आडवे नसतात, कललेले असतात. कललेला थर जमिनीवर ज्या दिशेने जातो तिला स्ट्राईक म्हणतात, आणि तो किती अंशांनी कलला आहे त्याला डिप. दोन्ही ब्रंटन नावाच्या कंपासने मोजतात. ब्रंटन तळहातावर मावतो. त्याला स्ट्राईकसाठी सुई, डिपसाठी पाणपातळी आणि झाकणात आरसा असतो. हा कंपास म्हणजे भूवैज्ञानिकाचा स्टेथोस्कोप.

कॅम्पच्या मधोमध एक खडक जमिनीतून वर आलेला होता. त्याची स्ट्राईक सत्तर, डिप साठ. हे आकडे सुकदेवलाही पाठ होते. दुसरा कप भरण्याआधी प्रत्येकाने खडकाशी जाऊन रीडिंग घ्यायचं. पाच अंशांपेक्षा जास्त चुकलं की त्याचा कप पालथा, आणि रात्रीची भांडी त्याने घासायची. रीडिंगला जाताना किल्ल्या, हातोडी, बक्कल असलेला बेल्ट, सगळं खाटेवर काढून ठेवायचं, कारण लोखंड जवळ आलं की सुई ढळते. अंपायर न पिणारा हवा. ती जागा रिकामी होती, मला मिळाली.

लांजेवार एका हाताने पँट सावरत, एक डोळा मिटून, त्या खडकासमोर जितक्या भक्तीने वाकायचा तितका तो देवळातही वाकला नसेल. भांडी बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला यायची. सबनीसांच्या वाट्याला ती आलेली मी पाहिली नाहीत. दोन कप झाले की ते आपणहून कप पालथा घालायचे.

तेव्हा आमचं एक बोअरहोल अडचणीत होतं. बोअरहोल म्हणजे मशीनने जमिनीत पाडलेलं मनगटाएवढं भोक. त्यातून दगडाची जी गोल कांडी वर येते तिला कोअर म्हणतात. कोअरमध्ये काळं मँगनीज दिसायला हवं होतं. येत होता नुसता करडा, चकाकणारा दगड. सबनीसांचा नकाशा सांगत होता की मँगनीजचा थर घडी पडून खाली गेला आहे, अजून खोल जा. वरच्या ऑफिसला तो खर्च पटत नव्हता.

त्यात कोणीतरी निनावी तक्रार केली. कॅम्पवर दारू चालते, हा नकाशा दारुड्यांचा आहे. डायरेक्टर स्वतः येणार असा निरोप आला. त्यांच्याबद्दल आम्ही ऐकून होतो. सुपारीसुद्धा न खाणारे गृहस्थ. बोअरहोल बंद करायचं ठरवूनच ते येताहेत, असं लांजेवारला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं. बोअरहोल बंद झालं असतं तर सबनीसांचा नकाशा खोटा ठरला असता. दारू सापडली असती तर नोकरीवरच आलं असतं. सरकारी कॅम्पवर चोरटी दारू म्हणजे थेट सस्पेन्शन.

दारू जीपच्या जुन्या जेरीकॅनमध्ये असायची. ती ओतून टाकायला कोणाचंच मन होईना. सबनीस म्हणाले, शेतात पुरली तर गावातले पितील. तेव्हा सुकदेवने तोडगा काढला.

"साहेब, दगडामांगं गाडून देऊ. दगडाकडं कोन पायते?"

सबनीस हसले आणि हो म्हणाले. खडकाला लागूनच खड्डा खणला. कॅन आत, वर माती, मातीवर मोहाचा पाला. आम्ही तिघं शिकलेले भूवैज्ञानिक तिथे उभे होतो. येणारा चौथाही भूवैज्ञानिकच होता. दगडाकडे कोण बघणार, हे आम्हाला पटलं.

डायरेक्टर सकाळी आले. ठेंगणे, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी स्वयंपाकाच्या तंबूत डोकावलं, कपांचा वास घेतला. खाटा वाकून पाहिल्या. कोअरचे खोके एकेक उघडले. काही सापडलं नाही. लांजेवारच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

मग ते मधल्या खडकापाशी थांबले. भोवतालचं गवत तुडवून तुडवून गेलेलं होतं.

"इथे एवढी वर्दळ कशाची?"

लांजेवार म्हणाला, "इन्स्ट्रुमेंट चेक करायला ठेवलाय, सर. दर आठवड्याला सगळ्यांची रीडिंग घेतो."

यात खोटं काहीच नव्हतं. डायरेक्टर खूश झाले. अशी शिस्त हल्ली राहिली नाही म्हणाले. आकडे विचारले. मी सत्तर आणि साठ सांगितले. त्यांनी किल्ल्या काढून ड्रायव्हरकडे दिल्या, पिशवीतून स्वतःचा ब्रंटन काढला आणि खडकाला लावला. पुन्हा लावला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "डिप साठ."

लांजेवार माझ्या कानाशी पुटपुटला, "मास्तर, साहेबांचा कप पालथा."

मला हसू आलं नाही. डायरेक्टरनी मला रीडिंग घ्यायला सांगितलं. मी माझा ब्रंटन लावला. अठ्ठेचाळीस. त्या खडकावर माझं रीडिंग कधी चुकलं नव्हतं, मी दारूला कधी शिवलो नव्हतो, आणि सुई अठ्ठेचाळीसवर उभी होती. क्षणभर वाटलं, खडकच फिरला. मग डोक्यात प्रकाश पडला. किल्ल्या आणि बक्कलं खाटेवर काढून ठेवणाऱ्या आम्ही अख्खा लोखंडी कॅन त्या खडकाच्या कुशीत पुरला होता.

डायरेक्टर खडकाभोवती फिरू लागले. दोन पावलं चालायचे, थांबायचे, सुई बघायचे. ते पालापाचोळ्याच्या दिशेने सरकत होते आणि आम्ही जागच्या जागी उभे होतो. शेवटी ते बरोबर खड्ड्यावर येऊन थांबले. त्यांच्या बुटाखाली पाला चुरचुरला.

"इथे लोखंड आहे का काही? पाइप, रॉड?"

लांजेवार पटकन म्हणाला, "नाही, सर."

डायरेक्टरांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी साठीच्या माणसाचा तोपर्यंत पाहिला नव्हता.

"मग हे ओअर आहे! खाली मँगनीजचा दगड आहे! डिप बरोबर आणि स्ट्राईक ढळलेली. म्हणजे सुईला कोणीतरी ओढतंय. या भागात चुंबकी मँगनीज सापडतं, मी सर्व्हिसभर सांगत आलोय. आणि सबनीस, तुम्ही त्याच्यावर तंबू ठोकून बसलाय."

मग ते भराभर बोलू लागले. रिग इथे आणायची. ते बोअरहोल सोडून द्यायचं. तक्रारीचं ते बघून घेतील, अशा तक्रारी येतच असतात. रिपोर्ट आजच लिहायचा. लांजेवारने माझा दंड दाबला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. साहेब जेवून गेले की कॅन उपसायचा. इथे काही निघो न निघो, शोधाचं श्रेय आणि चूक दोन्ही साहेबांची. नोकरी वाचली, सगळे वाचले.

सबनीस त्या खडकाकडे बघत होते. मग म्हणाले, "सर, रिपोर्टमध्ये हे रीडिंग लिहू नका."

"का?"

"ते ओअर नाही. मोहाची दारू आहे. जेरीकॅनमध्ये. माझी आहे."

लांजेवारने डोळे मिटले. माझ्या हातातून ब्रंटन निसटला आणि त्याचा आरसा दगडावर फुटला. त्या आवाजाने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आजही सांगता येत नाही की मी कशाने जास्त हादरलो होतो. पकडले गेल्याने, की कोणी पकडलेलं नसताना या माणसाने सांगून टाकल्याने.

डायरेक्टरांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. मला त्यांची कीव आली. त्यांनी कॅन काढायला लावला. सुकदेवने तो उचलून पार रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला. डायरेक्टरनी पुन्हा रीडिंग घेतलं. सत्तर. मग ते खाटेवर बसले आणि म्हणाले, आता या खडकाची खरी हकीकत सांगा. सबनीसांनी कप, पाच अंश, अंपायर, सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्या नियमाने माझं काय झालं असतं?"

सबनीस म्हणाले, "कप पालथा, सर. आणि भांडी घासावी लागतात."

डायरेक्टर हसले नाहीत. त्यांनी सुकदेवला कॅन झाडाच्या बुंध्याशी ओतायला सांगितला. सुकदेव ओतत होता आणि मोहाच्या वासाने सगळा कॅम्प भरून गेला. तो तोंड वळवून म्हणाला, "झाडाचं झाडालेच गेलं." मग डायरेक्टरनी नकाशा मागवला. सबनीसांशेजारी बसून त्यातलं एकेक रीडिंग विचारलं, कुठल्या नाल्यातलं, कुठल्या खडकावरचं. जेवण गार झालं. जाताना जीपमध्ये पाय टाकता टाकता म्हणाले, "बोअरहोल चालू ठेवा. माप चुकवणारा माणूस तुम्ही नाही."

पुढे एकाच टपालात दोन पाकिटं आली. एकात सबनीसांना मेमो. दुसऱ्यात बोअरहोल खोल न्यायची मंजुरी. मेमोमुळे त्यांचं प्रमोशन मागे पडलं, ते कायमचंच. त्यांच्या हाताखालचे लोक त्यांच्या वर गेले. मीही गेलो.

मी एकदा त्यांना विचारलं, गप्प का नाही राहिलात? ते म्हणाले, "अबे मास्तर, दारू उद्या पुन्हा भेटते. पण त्या दगडाले कोणी उद्या अठ्ठेचाळीस म्हटलं असतं, मंग?"

बोअरहोलमध्ये मँगनीज लागलं. नकाशाने सांगितलं होतं त्याच्या थोडं खाली. काळी कोअर बघायला डायरेक्टर पुन्हा आले. तिच्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. निघताना ड्रायव्हरने जीपमधून एक नवा कॅन काढला. दूधवाल्याकडे असतो तसा, ॲल्युमिनियमचा, झाकणाचा. ॲल्युमिनियमने सुई ढळत नाही.

"हा ठेवा," डायरेक्टर सबनीसांना म्हणाले. "दूध आणायला."

आणि गेले. सबनीस कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. मग ते हसायला लागले ते खाटेवर बसेपर्यंत थांबले नाहीत.

यातून शिकण्यासारखं फार नाही. कंपासजवळ लोखंड ठेवू नये. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच असतं.

तेराव्याला गेलो होतो. मुलीने माळ्यावरून काढलेला तो कॅन माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "काका, या कॅनमध्ये आमच्याकडे कधी दूध आलं नाही. आईने विचारलं तरी बाबा नुसते हसायचे. तुम्हाला द्या म्हणाले होते."

मी तिला ही सकाळ सांगितली. ती हसली, मग रडली.

कॅम्पची जागा आता खाणीच्या मातीखाली गेली आहे. खडकही त्याखालीच आहे, सत्तर आणि साठ. माझ्या ब्रंटनला आरसा नाही. कॅन माझ्याकडे आहे. रिकामा आहे.